जुनं रँच घर सुधारायचंय? मागच्या दारापासून सुरुवात करा

आमचं घर कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेतलं, १९५८ सालचं, बैठं, एल आकाराचं, जेमतेम १,४०० स्क्वेअर फूट. घेतलं त्याच वर्षी सासूबाई कोल्हापूरहून सहा महिने राहायला आल्या, पहिल्या सकाळी चहाचा कप हातात घेऊन सगळं घर फिरल्या आणि मला विचारलं, "मागल्या दारी जायचं कुठनं गं?" दार होतं, पण ते गॅरेजमधून, वॉशर आणि वॉटर हीटरच्या मधल्या बोळातून. मागे एवढं मोठं अंगण, त्यात मेयर लेमनचं लगडलेलं झाड, आणि किचनच्या सिंकपाशी उभं राहिलं की दिसायची फक्त शेजाऱ्यांच्या गॅरेजची भिंत. पुढची दोन वर्षं आम्ही जे काही केलं ते सगळं त्या प्रश्नातून निघालं, म्हणून हा लेख पण तिथूनच सुरू करतेय.

अशा लांबट बैठ्या घरांना इथे रँच घरं म्हणतात, आणि ती मुळात अंगणासाठीच होती. क्लिफ मे नावाच्या डिझायनरने १९३० च्या दशकात सॅन डिएगोकडे अशी घरं बांधायला सुरुवात केली, डोळ्यासमोर कॅलिफोर्नियातली जुनी स्पॅनिश-मेक्सिकन रँचो घरं होती, मधे अंगण आणि सगळ्या खोल्या अंगणाकडे उघडणाऱ्या, आपल्या वाड्याच्या चौकासारखंच थोडंसं. महायुद्धानंतर घरांची मागणी इतकी वाढली की बिल्डरांनी तीच कल्पना स्वस्त करून हजारोंनी बांधली. जोसेफ आयक्लर नावाच्या बिल्डरने कॅलिफोर्नियात साधारण ११,००० घरं उभी केली, त्यात मागची भिंत अख्खी काचेची असायची, पण आमच्यासारख्या साध्या कॉलनीतल्या घरांत काच गेली रस्त्याकडे, पुढे भली मोठी पिक्चर विंडो आणि मागे बाथरूमला शोभतील एवढ्या खिडक्या. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की घराचा लेआउट आणि बाहेरचं लँडस्केपिंग ही दोन वेगळी प्रोजेक्ट्स नाहीत, दोन्ही एकाच कागदावर काढा, एकाच वेळी ठरवा, मग पैसे जमतील तसं टप्प्याटप्प्याने करा.

आधी कागद

ग्राफ पेपर घ्या, एक चौकोन म्हणजे एक फूट, आणि त्यावर फक्त घर नाही तर अख्खा प्लॉट काढा. झाडं, त्यांचा घेर, कुंपण, गॅस मीटर, इलेक्ट्रिक पॅनेल, सुएरचा क्लीनआउट (सांडपाण्याचा पाइप साफ करायचं तोंड), छपराचं पाणी कुठल्या पाइपमधून खाली येतं ते, सगळं. जमलं तर एक उन्हाळा आणि एक पावसाळा (इथला पाऊस हिवाळ्यात पडतो) त्या घरात काहीही न तोडता राहा आणि कागदावर लिहीत जा: दुपारी चारला ऊन कुठल्या खिडकीतून आत येतं, पावसानंतर पाणी कुठे साचतं, घरातल्यांच्या चपला नेमक्या कुठे पडतात. आमच्याकडे पश्चिमेच्या बेडरूममध्ये जुलैत संध्याकाळी बसवत नव्हतं आणि आम्ही तिथेच मोठी खिडकी करायला निघालो होतो, हे थांबून बघितलं म्हणून कळलं.

नवीन भिंती, आयलंड (किचनच्या मधोमध सुटा ओटा), टेबल हे सगळं निळ्या पेंटर्स टेपने जमिनीवर आखा. आयलंडच्या जागी रिकामी खोकी रचा आणि आठवडाभर त्याच्या बाजूने वावरा. किचनमधली चालायची वाट एकजण काम करणार असेल तर ४२ इंच आणि दोघं असतील तर ४८ इंच धरतात, आणि आपल्या घरात सणाला दोघं नसतात, चौघी असतात.

जे दिसत नाही ते आधी

या वयाच्या घरात जमिनीखाली आणि भिंतीच्या आत काय आहे ते तपासल्याशिवाय टाइल्स बघायला जाऊ नका. सुएर लाइनमध्ये कॅमेरा घालून बघा. घरातली ड्रेन लाइन बहुतेक कास्ट आयर्नची असते, सत्तर वर्षांत आतून गंजून अरुंद झालेली, बाहेरची मातीची असली तर सांध्यांतून मुळं शिरलेली असतात, आणि काही ठिकाणी ऑरेंजबर्ग नावाचा डांबरात भिजवलेल्या लगद्याचा पाइप निघतो, तो चपटा होत जातो, दिसला तर बदलायचाच. पिण्याच्या पाण्याचे पाइप गॅल्व्हनाइज्ड असतील तर एक नळ चालू असताना दुसरा सोडा, धार लगेच बारीक होते. विजेचे सॉकेट दोन भोकांचे असले तर अर्थिंग नाही असं समजा, जुनं पॅनेल इंडक्शन शेगडी आणि हीट पंपचा भार घेईल का ते इलेक्ट्रिशियनकडून लिहून घ्या.

अॅस्बेस्टॉस (जुन्या बांधकामात वापरलेला तंतूंचा पदार्थ, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक) मात्र गंमत म्हणून सुद्धा खरवडून बघू नका. नऊ बाय नऊ इंचाच्या जुन्या व्हिनाइल टाइल्स, त्यांच्याखालचा काळा गोंद, पॉपकॉर्नसारखं खडबडीत सीलिंग, हीटिंगच्या डक्टवरची पांढरी टेप, या चारही जागी ते असू शकतं. नमुना लॅबला पाठवा, रिपोर्ट येईपर्यंत हात लावायचा नाही. आणि अमेरिकेत घराच्या रंगातल्या शिशावर बंदी आली १९७८ मध्ये, त्याआधीच्या घरात पॉलिश पेपर मारायच्या आधी टेस्ट करा, लहान मूल असेल तर नक्कीच.

बजेटचा पाचवा हिस्सा या न दिसणाऱ्या गोष्टींसाठी वेगळा ठेवा, आमचा पूर्ण लागला.

कुठली भिंत पाडता येते

इथे थोडं सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. यूट्यूब बघून लोक म्हणतात की मधली भिंत काढू, एकदम ओपन होईल. रँच घराचं छप्पर कमी उताराचं असतं, लांबीच्या दिशेने मधोमध आढं असतं, आणि आढ्याला समांतर जाणारी मधली भिंत बहुतेक वेळा भार घेत असते.

टॉर्च घेऊन अॅटिकमध्ये, म्हणजे छप्पर आणि सीलिंगमधल्या पोकळीत चढा, पाय फक्त लाकडांवर ठेवा, मधे ठेवलात तर थेट खालच्या खोलीत. इन्सुलेशन बाजूला सारा आणि सीलिंगची लाकडं, म्हणजे जॉइस्ट, बघा. आमच्या घरात समोरून येणारा जॉइस्ट आणि मागून येणारा जॉइस्ट बरोबर किचनच्या भिंतीवर येऊन एकमेकांच्या शेजारी ठोकलेले होते, अशा दर १६ इंचांवर जोड्या, एकामागे एक. म्हणजे अर्ध्या घराचं सीलिंग त्या भिंतीच्या डोक्यावर टेकलेलं. हे दिसलं की समजा ती भिंत भाराची आहे. त्याऐवजी त्रिकोणात गुंफलेली बारीक लाकडं आणि सांध्यांवर धातूच्या पट्ट्या दिसल्या तर ते ट्रस आहेत, त्यांचा भार बहुतेक वेळा बाहेरच्या भिंतींवर असतो आणि आतल्या भिंती मोकळ्या सुटतात, पण ट्रसचं एकही लाकूड कापायचं नाही. दोन्ही बाबतीत शेवटचा शब्द स्ट्रक्चरल इंजिनियरचा, त्याच्या सहीचं ड्रॉइंग परमिटला लागतंच.

भाराची भिंत काढता येते, तिच्या जागी बीम येतो. बीम सीलिंगच्या खाली ठेवला तर स्वस्त पडतो पण आठ फुटांच्या सीलिंगला डोक्यावर लोंबतो, जॉइस्ट कापून त्यांच्याच पातळीत बसवला तर सीलिंग सपाट राहतं, खर्च वाढतो. बीमच्या दोन टोकांवर जो भार येतो तो जमिनीपर्यंत पोचायला हवा, म्हणजे घराखालच्या क्रॉल स्पेसमध्ये (रांगत जाण्याइतक्या पोकळीत) उतरून तिथे काँक्रीटचे नवे पाये घालावे लागतात, आणि कोटेशनमध्ये ही ओळ आहे का ते बघा कारण बऱ्याच वेळा नसते.

उंच तिरपं सीलिंग हवं म्हणून जॉइस्ट सरळ काढून टाकायचे असा सल्ला कुणी दिला तर दोन पावलं मागे या. ते जॉइस्ट समोरच्या आणि मागच्या भिंतीला बांधून ठेवतात. ते गेले की छपराचं वजन भिंतींना बाहेर ढकलतं आणि आढं हळूहळू खाली बसतं. उंच सीलिंग हवंच असेल तर आढ्याखाली भार घेणारा मोठा बीम डिझाइन करून घ्या.

माझं मत विचाराल तर अख्खी भिंत पाडूच नका. सहा ते आठ फुटांची रुंद फट पुरते, मोकळं वाटतं, बीम लहान लागतो, आणि फोडणीचा ठसका बेडरूमपर्यंत पोचत नाही.

आता लेआउट

पहिली गोष्ट मागचं दार. जिथे खिडकी आहे तिथेच दार करा, तेवढ्याच रुंदीचं. खिडकीच्या वर भार घेणारं आडवं लाकूड आधीपासून असतं, तुम्ही फक्त खालची भिंत कापता, त्यामुळे खर्च फार कमी येतो. रुंद करायचं असेल तर सहा किंवा आठ फुटी स्लायडिंग दार ही तयार मिळणारी मापं आहेत, त्यातलंच घ्या. आम्ही डायनिंगची सहा फुटी खिडकी काढून दार केलं आणि सिंक त्याच मागच्या भिंतीला सरकवलं, एवढ्या दोन गोष्टींनी घर फिरल्यासारखं झालं.

सिंक हलवायचं म्हणजे ड्रेन हलवायचा, त्याला दर फुटाला पाव इंच उतार लागतो. घर क्रॉल स्पेसवर असेल तर खालून काम होतं, काँक्रीटच्या स्लॅबवर असेल तर स्लॅब कापावी लागते, आणि आयक्लरसारख्या घरांत त्याच स्लॅबमधून गरम पाण्याच्या नळ्या फिरतात, तिथे सिंक जिथे आहे तिथेच ठेवून बाकीचं किचन त्याभोवती फिरवणं शहाणपणाचं.

चिमणीवर, म्हणजे रेंज हूडवर, कंजुषी करू नका. हवा घराबाहेर टाकणारीच घ्या, आणि बैठ्या घराचा फायदा हा की डक्ट सरळ वर जाऊन छपरातून बाहेर पडतो, वळणं नाहीत. ४०० सीएफएमच्या (मिनिटाला ४०० घनफूट हवा) वर गेलात तर बाहेरून तेवढी हवा आत यायची सोय बऱ्याच ठिकाणी बांधकामाचा कोड मागतो, हे आधीच मेकॅनिकल वाल्याला विचारून ठेवा. मासे तळण्यासाठी बाहेर पॅटिओवर एक शेगडी हवी असेल तर भिंती उघड्या असतानाच गॅसची लाइन बाहेर काढून घ्या.

पुढचं दार उघडलं की माणूस थेट सोफ्यावर, हा या घरांचा कायमचा दोष. चार फूट रुंद लाकडी पट्ट्यांचा पडदा उभा करा, त्यामागे चपलांचं कपाट आणि बसायला बाक, उजेड अडत नाही आणि दारातली गर्दी आत येत नाही. आमच्या बेडरूमकडे जाणारा बोळ तीनच फूट रुंद होता, तो रुंद करण्यात पैसे घालू नका, त्याच्या टोकाला उंच खिडकी किंवा छपरात स्कायलाइट द्या. दुसऱ्या बाथरूमसाठी जागा शोधताना दोन बेडरूमची पाठीला पाठ लावलेली कपाटं बघा, तिथेच सापडते, आणि जुन्या बाथरूमला लागून असेल तर पाइप पण जवळ. बोळातलं चादरींचं कपाट पूर्वेच्या भिंतीला निघालं, त्याचं दार काढून आम्ही देवघर केलं.

बेडरूमच्या खिडक्या बदलताना लक्षात ठेवा, आगीत बाहेर पडता यावं म्हणून उघडल्यावर ५.७ स्क्वेअर फूट मोकळी जागा आणि चौकटीची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांच्या आत असावी लागते (तळमजल्याला ५ स्क्वेअर फूट चालतात). या घरांत उंचावर आडव्या बारीक खिडक्या असतात, नुसती काच बदलून इन्स्पेक्टर खुश होत नाही.

वर मजला चढवायचा विचार असेल तर शहराचे नियम आधी बघा, पालो आल्टो आणि सनीवेलमधल्या काही आयक्लर वस्त्यांत एकमजलीच घर ठेवायचा नियम आहे. मला विचाराल तर नसला तरी चढवू नका. या घराची शोभा त्याच्या आडव्या रेषेत आहे, लांब वळचण, कमी उताराचं छप्पर, आणि पुढे उगीच उंच कमान लावली की ती रेषा कायमची मोडते. जुनी वीट पण रंगवू नका, एकदा रंगली की परत विटेसारखी होत नाही.

बाहेर आल्यावर आधी पाणी, मग काँक्रीट

खणायच्या दोन-तीन कामाच्या दिवसांआधी ८११ ला फोन करा, फुकट आहे, येऊन गॅस, वीज, पाण्याच्या लाइन रंगाने आखून देतात. पण मीटरनंतरची तुमची स्वतःची लाइन, स्प्रिंकलरचे पाइप, गॅरेजला गेलेली जुनी वायर हे ते आखत नाहीत.

घराला लागून पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच उतरायला हवी, घरापासून लांब. सत्तर वर्षांत माळ्यांनी दरवर्षी माती टाकून टाकून ती उलटी झालेली असते. लाकडी साइडिंग (भिंतीला बाहेरून मारलेल्या फळ्या) मातीपासून सहा इंच वर, प्लास्टरची म्हणजे स्टकोची खालची कड मातीपासून चार इंच आणि काँक्रीटपासून दोन इंच वर राहिली पाहिजे, नाहीतर ओल आणि वाळवी.

पॅटिओ आतल्या फरशीच्या पातळीत हवा असं सगळ्यांना वाटतं, दिसतं छान, पण मग दारापाशी चर आणि जाळी घालून पाणी पकडावं लागतं. साधा मार्ग म्हणजे एक पायरी खाली, दर फुटाला पाव इंच बाहेर उतार. सहा जणांच्या टेबलाला खुर्च्या मागे ओढायला धरून बारा बाय बारा फूट तरी हवेत, त्याहून लहान केलात तर कुणीतरी कायम माती तुडवत बसतं.

आमच्या काँक्रीटवाल्याने पॅटिओ ओतला, चार इंच जाड, सुंदर गुळगुळीत, आणि खालून एकही मोकळा पाइप टाकला नाही. पाण्याचा नळ घराच्या भिंतीला, झाडं पॅटिओच्या पलीकडे, आणि मधे नवं कोरं काँक्रीट. शेवटी करवतीने सहा इंचांचा पट्टा कापला, ड्रिपची, म्हणजे ठिबक सिंचनाची लाइन टाकली आणि पुन्हा भरला, तो डाग आजही दिसतो, त्याच्यावर कुंड्या ठेवून ठेवून आता मी थकले. तर ओतायच्या आधी, स्वतः उभं राहून, दोन-तीन जागी दोन इंची पीव्हीसीचे रिकामे पाइप आडवे टाकून घ्या, एक पाण्याला, एक दिव्यांच्या वायरला, एक पुढे कधी लागलाच तर, आणि टोकं बंद करून फोटो काढून ठेवा.

पुढची बाजू

जुन्या रँचच्या पुढे तीन गोष्टी हमखास असतात: हिरवळ, खिडकीवर चढलेली ज्युनिपरची झुडपं, आणि ड्राइव्हवेपासून भिंतीला चिकटून दारापर्यंत जाणारी तीन फुटी वाट. ज्युनिपर काढा. वाट पाच फूट रुंद करा म्हणजे दोन माणसं शेजारी शेजारी बोलत येऊ शकतात, आणि ती फुटपाथपासून थेट येऊ द्या, मोठे आयताकृती काँक्रीटचे तुकडे, मधे तीन-चार इंच फटी, आडवे टाकलेले. खिडकीपुढे चौकटीच्या खालीच राहतील अशीच झुडपं. नवं झाड खिडकीच्या समोर लावू नका, घराच्या कोपऱ्याच्या थोडं पलीकडे लावा, लांब घर आणखी लांब वाटतं. पश्चिमेला पानगळीचं, म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन.

जुना ओक असेल तर त्याच्या फांद्यांच्या घेराखाली खणू नका, काँक्रीट नको आणि उन्हाळ्यात पाणी पण नको, त्या ओलीने मुळं कुजतात. मोठं झाड पाडायला बहुतेक शहरांत परमिट लागतं.

हिरवळ काढण्यासाठी पाणीखात्याकडून पैसे मिळतात, सांता क्लारा काउंटीत अशी योजना आहे, पण मंजुरी आधी घ्यायची, गवत काढून मग अर्ज केला तर काही मिळत नाही. काढायची सोपी पद्धत: गवत अगदी बारीक कापा, पाणी मारा, त्यावर टेप काढलेली साधी पुठ्ठ्याची खोकी एकमेकांवर सहा इंच चढवून पसरा, परत भिजवा, वर चार इंच लाकडाच्या चिप्स. काही महिन्यांत खालचं गवत मरून मातीत जातं. मात्र ते बर्म्युडा गवत असेल, म्हणजे आपली हरळीच, तर पुठ्ठ्याला ते जुमानत नाही, आधी उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिकखाली सहा-आठ आठवडे भाजून काढा.

झाडं, आणि आपला कढीपत्ता

सगळं काम उलटं मोजा: झाडं लावायची ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पहिल्या पावसाच्या तोंडावर, म्हणजे ड्रिप सप्टेंबरात, काँक्रीट त्याआधी, आणि आतली तोडफोड त्याच्याही आधी संपलेली, कारण डंपस्टर (राडारोड्याचा मोठा डबा) आणि लाकडाचे ढीग पुढच्या अंगणातच येऊन पडतात.

जाती कमी, संख्या जास्त. एकेक रोप पंधरा प्रकारचं लावलं की नर्सरी वाटते, त्यापेक्षा डीअर ग्रास सात-आठ एका ओळीत, खाली पसरणारा मॅन्झनिटा, मधे सिअनोथसची निळी फुलं, कोपऱ्यात वेस्टर्न रेडबड. ही सगळी इथलीच झाडं, बैठ्या घराला शोभतात.

आपल्या झाडांचं सांगायचं तर कढीपत्ता भारतातून किंवा दुसऱ्या काउंटीतल्या मैत्रिणीकडून आणू नका. लिंबा-संत्र्यांचा रोग पसरवणारी एक बारीक कीड त्याच्यावर वाढते, त्यामुळे कॅलिफोर्नियात बऱ्याच भागांत या झाडांच्या ने-आणीवर बंधनं आहेत, लायसन्स असलेल्या नर्सरीतूनच घ्या. तुळस, मोगरा, जास्वंद कुंडीतच ठेवा, दक्षिणेच्या भिंतीशी, गोठवणाऱ्या रात्री आत घ्यायला सोपं जातं. तुळशीला आम्ही नव्या मागच्या दारासमोर जागा केली, पुढच्या खेपेला सासूबाईंनी आल्या आल्या तिथे दिवा लावला.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, रोज थोडं थोडं नको. द्यायच्या आधी चिप्स बाजूला करून बोट मातीत घाला, दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर त्या आठवड्यात देऊ नका. दुसऱ्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा. तिसऱ्या वर्षी इथल्या झाडांचा झोन, म्हणजे ड्रिपची वेगळी लाइन, टायमरवर बंद करा, कुंड्या आणि लेमनचा मात्र चालू ठेवा, म्हणून पाइप टाकतानाच ते दोन झोन वेगळे करून घ्या.